एका डोळ्याचा गणपती

रोहा,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय सरू,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा त्याला सुक्या बोंबलांचा वास येत असेल. मी मासळीच्या धंद्यात पडलेलो नाही. पत्र काशीबाईच्या पिशवीतून येणार आहे, आणि वर बोंबील असले की पिशवीत कुणी हात घालणार नाही असा तिचा अंदाज आहे. आपल्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारून मारून जिच्या बोटांचे ठसे पुसले गेले, रेशनच्या मशीनवर जिचा अंगठा कधी लागत नाही, तीच आपली काशीबाई. लेकीच्या बाळंतपणाला रोह्याला आली आहे. परवा बाजारात समोरासमोर आली. मला पाहून आधी तोंड फिरवलं, चार पावलं पुढे गेली, मग परत आली आणि म्हणाली, "किती वाललास रं तू." आणि भर रस्त्यात रडायला लागली. लोक बघायला लागले तसं मी तिला चहाच्या टपरीवर नेऊन बसवलं.

तुझा मोबाईल दादाच्या खिशात आहे हे तिच्याकडूनच कळलं. म्हणून हा कागद. तीन वर्षांत हाताने एवढं पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. मूर्तीचे डोळे रेखणाऱ्याचं अक्षर इतकं गचाळ कसं, असं तू शाळेपासून विचारत आलीस. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

काशीबाईने जे सांगितलं ते लिहितो, कुठे चुकत असेल तर मनातल्या मनात दुरुस्त कर. चतुर्थी उलटेपर्यंत जोह्यात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. विसर्जन झालं, हात धुतले आणि सगळ्या गावाने एकदम मोबाईल उघडले. त्यात कुणाला तरी तो व्हिडिओ सापडला. चाळीस सेकंदांचा. पडद्यावर पेटलेली मेणबत्ती, खाली 'हरवलेल्या भावासाठी एका बहिणीची हाक' अशी अक्षरं, आणि मागे बाईचा आवाज. नाव नाही, गाव नाही. आवाजही थोडा बदललेला. तरी पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांनी ओळखला. जनूची सरू मिशनवाल्यांना जाऊन मिळाली, भाऊ बाटला तशी बहीणही बाटली, असं दोन दिवसांत ठरून गेलं. मुंबईच्या दोन मंडळांनी दादाला फोन करून विचारलं की तुमच्या घरात नेमकं काय चाललंय. मग दादाने तुझा मोबाईल घेतला, मूर्तीला हात लावायचा नाही असं सांगितलं, आणि दिवाळीच्या आत तुला कासूला मामाकडे धाडायचं ठरलं. कायमचं. बाबा साच्यांच्या खोलीत जाऊन बसले. काशीबाई म्हणाली की तू भांडली नाहीस. पॅसेजमध्ये बसून असतेस, आतून रंगाचा वास येतो तेवढाच घेतेस. हे ऐकलं तेव्हा हातातला चहा मी खाली ठेवला, तो नंतर पिता आला नाही.

तू तीन वर्षांत मला पाहिलेलं नाहीस, म्हणून आधी मी कुठे आहे ते सांगतो. रोह्याला स्टेशनच्या रस्त्यावर एका हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या संस्थेची दोन खोल्यांची जागा आहे. पुढची कचेरी, मागची माझी. आम्ही तिघं. नितेशसर प्रमुख, दिशा चित्रं आणि व्हिडिओ करते, आणि मी लोकांच्या संदेशांना उत्तरं देतो. सकाळी नऊपासून. फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपवर जे कुणी 'मला शांती हवी आहे', 'माझ्या नवऱ्याची दारू सुटेल का' असं लिहितात त्यांना. बरीचशी उत्तरं तयार असतात, नाव घालायचं आणि पाठवायचं. धाटावच्या कारखान्यांतून वारा आला की खिडकी लावून घ्यावी लागते, आणि खिडकी लावली की खोलीत फक्त मी आणि मोबाईलची टिणटिण. कधी कधी वाटतं की मीही साच्यात ओतलेलाच आहे, फक्त अजून कुणी साचा उघडलेला नाही. दुसरीकडे कुठे जाणार? मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सोडून मला काही येत नाही, आणि जोहे-हमरापुरात आता माझ्या हाती कोण ब्रश देईल.

मला कुणी पैसे देऊन बाटवलं असं गावात बोलतात ना, त्यांना सांगायला तू जाऊ नकोस, पण तू तरी खरं ऐक. मला मोबाईलनेच नेलं. आई पेणच्या दवाखान्यात होती त्या वर्षी मी कानात इअरफोन घालून आखणीला बसायचो. आखणीला हात लागतो, डोळा लागतो, कान रिकामे असतात. आधी गाणी ऐकायचो. मग एकदा आपोआप पुढचं लागलं, एक बाई मराठीतून बायबल वाचत होती. सावकाश, आपल्या बाजूच्या बोलण्यात, जशी कुणी शेजारीण पायरीवर बसून बोलते. 'अहो कष्ट करणाऱ्यांनो, माझ्याकडे या' असं काहीतरी होतं. आई जाईपर्यंत रोज ऐकलं. आई गेली त्यानंतर ऐकल्यावाचून हात चालेना. त्या बाईचं नाव नम्रताताई. खाली नंबर असायचा, मी लिहिलं, तिने उत्तर दिलं. पुढचं तुला माहीत आहे.

तो दिवसही माहीत आहे, पण माझ्या बाजूने तू कधी ऐकला नाहीस. श्रावण होता, अडीच फुटी मूर्ती पुढ्यात होती. उजवा डोळा काढला, आणि डाव्याला ब्रश टेकवायच्या आधी हात थांबला. मी ज्याच्यावर विश्वास ठेवायला लागलो होतो त्याला, आणि पुढ्यात बसलेल्या या देवाला, दोघांनाही फसवतोय असं वाटलं. ब्रश खाली ठेवला आणि बाबांना सांगून टाकलं. मोठा शूर वाटलो होतो स्वतःला. बाबांनी मारलं नाही. आईच्या फोटोवर माझा हात ठेवला आणि म्हणाले, "जा. पण माझी पोर हिथंच राहील. तू तिला हाक मारायची नाय, तिनं मारली तरी ओ द्यायची नाय." मी शपथ घेतली आणि सिम काढून ओहोळात टाकलं. माझ्यापायी तुझं लग्न, तुझं काम, काहीच अडू नये असं त्यांना वाटत होतं. शपथ अगदी वाजवी होती आणि मला ती पाळायची होती.

आता पुढचं लिहायला मी तीन दिवस घेतले आहेत. काशीबाई रोज विचारते, झालं का.

रोह्याला आलो तेव्हा नम्रताताई लग्न होऊन नगरकडे निघून गेली होती. तिने वाचलेलं सगळं संस्थेच्या फेसबुक पेजवर होतं आणि बायका अजून तिलाच उद्देशून लिहीत होत्या. बाई बाईशी जितकं मोकळं बोलते तितकं पुरुषाशी बोलत नाही, म्हणून नाव तसंच ठेवायचं ठरलं. आवाज लागला तर दिशा द्यायची. लिहायचं काम माझ्याकडे आलं. ताई गेली, नाव राहिलं, आणि त्या नावामागे बसलो मी. लोकांना फसवतोय असं तेव्हा वाटलं नाही. दुकान बाबांचं आणि पाटीवर आजोबांचं नाव, असं आपल्याकडे चालतंच.

आमच्या कामात नकाशावर एक गोल काढायचा असतो. त्या गोलाच्या आतल्या लोकांच्या मोबाईलवर आमची जाहिरात दिसते. पेणचा गोल मी काढत असे. रामवाडी, हायवेच्या कडेची गावं, पार खाडीपर्यंत. दोन वर्षं मी जोहे-हमरापूर त्या गोलातून वगळत आलो. शपथेसाठी. मग माघी गणपतीच्या आठवड्यात एके दुपारी दिशा जेवायला गेली होती आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून गोल थोडा सरकवला. एका पेराएवढा. स्वतःला सांगितलं की गाव केवढं मोठं आहे, सरूच्याच हातात कशाला पडेल. चौथ्या दिवशी नम्रताताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला. 'भावासाठी प्रार्थना करता का? पेणकडची एक बाई.' नाव नव्हतं, फोटोच्या जागी जास्वंद होती. पण तुझा नंबर मला आईच्या नंबराआधी पाठ झाला होता, सरू.

हो. तू जिला आठ महिने लिहीत होतीस ती नम्रताताई म्हणजे मी.

आता रागाने कागद चुरगाळला असशील तर सरळ कर आणि पुढे वाच, मग हवं तर चुलीत घाल. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण शपथ होती की तुला ओ द्यायची नाही. मी ओ दिली नाही, नम्रताताईने दिली. वकिलालाही सुचणार नाही अशी पळवाट मी आईच्या फोटोसमोर काढली. आणि एकदा उत्तर दिल्यावर सांगायचं तरी कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू आवाजी संदेश पाठवायला लागलीस. "अगो ताई, तू कुठली गो? तुझं लिवणं आमच्याकडचं वाटतं." आयुष्यात मला कुणी गो म्हटलं नव्हतं. मी हसलो, मग दार लावून घेतलं.

तू मला जे कधी सांगितलं नसतंस ते सगळं नम्रताताईला सांगितलंस. दोन स्थळं तू स्वतः मोडलीस आणि बाबांना वाटलं की माझ्यामुळे मोडली, हे सांगितलंस. तुला आखणीकार व्हायचंय, पण आपल्या कारखान्यात बाईने सोंड, दागिने, पीतांबर काहीही रंगवावं, डोळ्याला हात लावायचा नाही, हे सांगितलंस. दुपारी सगळे जेवायला गेले की फुटक्या तुकड्यांवर डोळे काढून बघतेस आणि मग ते तुकडे घासून कोरे करतेस, तेही. एकदा अशा एका डोळ्याचा फोटोही पाठवलास. नम्रताताईने तयार उत्तरांतलं एक पाठवलं, 'देवाने तुम्हाला सुंदर देणगी दिली आहे.' मी मात्र तो फोटो मोठा करून अर्धा तास पाहत होतो. त्याबद्दल शेवटी लिहीन. आणि प्रत्येक संदेशाच्या शेवटी तू एकच विचारायचीस, "माझा भाव परत येल ना गो ताई?" नम्रताताई दर वेळी लिहायची, 'वाट पाहा, नक्की येईल.'

सकाळी कामाआधी आम्ही तिघं प्रार्थना करतो. आलेल्या विनंत्या मी वाचून दाखवायच्या. 'पेणकडची एक भगिनी, हरवलेल्या भावासाठी.' नितेशसर डोळे मिटून मनापासून मागायचे, आणि डोळे उघडल्यावर विचारायचे की तो भाऊ कुठे आहे काही कळलं का, दारूबिरू पितो का. मी म्हणायचो, कळलं नाही अजून. दिशा म्हणायची, बिचारा कुठे भटकत असेल. तो बिचारा तिच्या बाजूलाच मांडी घालून बसलेला असायचा. तुला हे वाचून हसू आलं तर हस, मलाही कधी कधी यायचं. पण आठ महिने स्वतःसाठीच हरवलेला म्हणून प्रार्थना करणाऱ्या माणसाला एक दिवस खरंच वाटायला लागतं की आपला पत्ता कुणालाच माहीत नाही.

आषाढात पेजवर शुकशुकाट झाला. लावणीच्या दिवसांत कोण बघतं. नितेशसर म्हणाले, उपदेश नको, कुणाचं तरी खरं बोलणं टाकूया, काळजाला लागेल असं. मागितलं त्यांनी, पण काढून मी दिलं. तुझा आवाज. सरांनी मला स्पष्ट विचारलं, "त्या ताईंची परवानगी घेतलीस?" मी म्हणालो, घेतली. म्हणून त्यांच्यावर राग धरू नकोस. मला टायफॉइड झाला तेव्हा त्या माणसाने घरून भाताची पेज आणून चमच्याने भरवली आहे. चूक त्यांची नाही, दिशाची नाही. तुझं बोलणं मी कापलं, 'गो ताई' काढलं, 'भाव येल का' काढलं, आवाजाची पट्टी बदलली. उरलं ते एवढंच, "एका डोल्याचा गणपती माल्यावर तसाच हाय. कुणाला हात लावू नाय दिला. दुसरा डोला काढायचा रायलाय."

रोह्यात ते ऐकून कुणाला काही कळलं नाही. दिशाला वाटलं की ती काही म्हण असेल. पण अर्धवट मूर्ती ठेवू नये, फोडून टाकावी, हे जोह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तुझ्या हट्टापायी आपल्या एकाच कारखान्यात एका डोळ्याचा गणपती तीन वर्षं माळ्यावर बसलाय हेही सगळ्या गावाला ठाऊक. आवाज बदलून काय होणार होतं? मी तुझं नाव लपवलं आणि घराचा पत्ता सांगून ठेवला.

काशीबाईला मी म्हटलं, लक्षात आलं नाही गं, चुकून राहिलं. तिने मान हलवली. पण तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही. चुकून राहिलं नव्हतं. कापताना माझं बोट त्या वाक्यावर थांबलं होतं, आणि मी ते ठेवलं. मला वाटलं होतं की कुठून तरी ते बाबांच्या कानावर जावं. त्यांना कळावं की ज्याला त्यांनी घालवलं त्याची त्यांच्याच घरात कुणीतरी मूर्ती अडवून वाट पाहतंय. तुझं काय होईल याचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला सारला. मला घरी बोलावलं जावं म्हणून मी तुला पणाला लावलं. माझी मला इतकी लाज वाटते की काल आरशासमोर दाढी करता आली नाही.

काशीबाई भेटली त्याच दिवशी मी व्हिडिओ काढून टाकला आणि नितेशसरांना एवढंच सांगितलं की कुणाची तरी तक्रार आहे. पण पेजवरून काढलं तरी तुमच्या ग्रुपवरून कसं काढणार? मग मी बसून सगळे रस्ते बघितले. मी जोह्याला येऊन बाबांच्या पाया पडलो तर लोक म्हणतील, बघा, बहिणीला न्यायला आला. गप्प बसलो तर तू कासूला जाशील, आणि मामाकडे भाताची खळी आहेत, रंगाचा एक डबा नाही. खरं सगळं सांगितलं तर खरं हेच आहे की तू आपणहून मिशनच्या नंबरावर प्रार्थना मागितलीस, आणि त्याचीच तुला शिक्षा चालू आहे. कुठूनही निघालं तरी रस्ता तुझ्याच अंगावर येतो. शेवटी एकच फट दिसली, आणि त्यातून एकच माणूस बाहेर पडू शकतो.

मी माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ केला आहे. मेणबत्ती नाही, अक्षरं नाहीत, माझा चेहरा आणि माझं नाव. मी त्यात म्हणतो की मी प्रवीण, जनू कारखानेवाल्यांचा धाकटा मुलगा. गावात फिरतोय त्या व्हिडिओतला आवाज माझ्या बहिणीचा आहे. तिने हा निरोप कुठल्याही संस्थेला पाठवला नव्हता, भावाला पाठवला होता. मूर्ती अर्धी सोडून गेलास, ती तशीच आहे, असं ती मला सुनावत होती. मी तिला न विचारता तो आवाज चोरला आणि माझ्या कामासाठी वापरला. तिने कुठे प्रार्थना मागितली नाही. दोष माझा एकट्याचा. गुरुवारी सकाळी दहा वाजता हा मी दादाला पाठवणार आहे आणि शाळेतल्या तीन जुन्या मित्रांनाही, म्हणजे दादाने दाबून ठेवला तरी दुपारपर्यंत गावभर होईल. भावाची आठवण काढली म्हणून कुणी कुणाला कारखान्याबाहेर काढत नाही. बाबांचा मान राहील, मंडळांना सांगायला दादाकडे उत्तर राहील. त्यानंतर परवानगीबद्दल खोटं बोललो हे मी नितेशसरांकडे कबूल करीन आणि मागची खोली रिकामी करीन. मग पेणच्या बाजूला मला पाय ठेवता येणार नाही. जो बहिणीचा आवाज विकतो त्याला वेशीवर कोण घेईल? घ्यायलाही नको.

येशूवरचा माझा विश्वास उडालेला नाही, हेही तुला सांगायला हवं. म्हणूनच हे जड जातंय. खोटी साक्ष देऊ नको असं तो सांगतो, आणि मी कॅमेऱ्यात बघून साक्ष देतोय. पण सरू, तू निरोप पाठवलास तो खरोखर कुणाला पोहोचला? भावालाच ना? हे खोटं आहे की खरं, मला तीन दिवसांत ठरवता आलं नाही. ठरवायचं त्याच्यावर सोपवलं आहे.

आता पत्र कशासाठी ते. काशीबाई बुधवारी जोह्याला परतते आहे, म्हणजे गुरुवारच्या आत ते तुझ्या हातात असेल. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. गुरुवारी व्हिडिओ पाहून तू उठशील आणि सगळ्यांसमोर सांगशील की नाही, पव्याने चोरलं नाही, मीच नम्रताताईला पाठवलं होतं. तेवढं सांगू नकोस. माझी चूक सांभाळायला जाऊ नकोस. दादा विचारेल, हे खरं का, तेव्हा खाली बघ आणि गप्प राहा, एवढंच मागतो. नम्रताताईचा नंबरही गुरुवारी बंद होईल, कुणाचा मोबाईल मागून फोन करशील म्हणून आधीच सांगतो. तिच्याकडे तुझं एक उत्तर बाकी आहे. 'माझा भाव परत येल ना?' तिने आठ महिने लिहिलेलं चुकीचं होतं. वाट पाहू नकोस, सरू. त्या मूर्तीला आता ताटकळत ठेवू नकोस. तुझ्या त्या फुटक्या तुकड्यावरचा डोळा मी बघितला आहे. भुवई माझ्यापेक्षा चांगली आहे, पापणीची रेघ एका दमात गेली आहे, फक्त बाहुली जरा वर गेली. मूर्ती उंचावर बसते आणि माणूस खाली, म्हणून बाहुली अंमळ खाली ठेव, म्हणजे समोर येईल त्याच्यावर नजर पडते. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकव, हात हलणार नाही. आधी वरची पापणी, आतल्या कोपऱ्यातून बाहेर, मग खालची, बाहुली सगळ्यात शेवटी, आणि ती ठेवताना श्वास सोडू नकोस. माझ्या उजव्या डोळ्याशी जुळवायला जाऊ नकोस, जुळवायला गेलं की डोळा घाबरलेला दिसतो. माझा ब्रश गल्ल्याच्या मागच्या फळीवर आहे, तू रोज भिजवून ठेवतेस हे तू नम्रताताईला सांगितलं होतंस. डोळा बाबांच्या देखत काढ. ते अडवणार नाहीत. मग त्याला माळ्यावरून खाली उतरव.

तुझाच पव्या,
आणि आजपर्यंतची तुझीच नम्रताताई